तिथीची पाऊणपट: मांडव्यापासून देवबागपर्यंत, दोघं एका मोटरसायकलवर

फाल्गुन शुद्ध पंचमी: भाऊचा धक्का, मांडवा, मुरुड

महामार्गाने मालवण गाठायचं तर एक लांबलचक दिवस पुरतो. आम्ही महामार्गाला चाक लावायचंच नाही असं ठरवून निघालो. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, खाडी आडवी आली की फेरीबोट, बोट नसेल तिथे पूल. गाडी एक आणि चालवणारे दोन, त्यामुळे प्रत्येक खाडीला चालक बदलायचा. कोकणात खाड्या इतक्या आहेत की वाटणीवरून भांडण होत नाही.

भरती-ओहोटीचं खातं माझ्याकडे होतं. माझे वडील राजापूर तालुक्यातले, त्यामुळे हिशेब लहानपणापासून पाठ. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येते ती पूर्ण भरतीची वेळ. आज पंचमी, म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा-सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. एवढं डोक्यात असलं की कुठल्या पुळणीवर कधी उतरायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

नवरा अमरावतीचा. समुद्र त्याच्या गावापासून साडेसहाशे किलोमीटरवर, पोहता येत नाही, आणि विश्वास फक्त मोबाइलवर. "ॲप तं सव्वाचार दाखवून राहिलं," तो मांडव्याच्या धक्क्यावर म्हणाला. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाचा वाद. रोज दोन्ही वेळा लिहून ठेवायच्या असं ठरलं.

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली आणि अलिबागचं अंतर एकदम आटलं. त्याचा परिणाम मांडव्यापासून पुढे दिसतो: दर वळणावर बंगल्यांच्या जाहिराती. आम्ही थळला फक्त खांदेरीचा किल्ला दिसेपर्यंत थांबलो. पुढे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. एक घेतली, ती मागच्या बॅगेला बांधली आणि पुढे बरेच दिवस आमच्या कपड्यांना तिचा वास येत राहिला. रेवदंड्याचा पूल ओलांडून कुंडलिकेच्या पलीकडे गाडी माझ्या हातात आली. कोर्लईत ख्रिस्ती वस्तीतली माणसं अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली घरात बोलतात. पाणी प्यायला थांबलो तेव्हा दोन बायका बोलत होत्या, त्यातला एक शब्दही मला लागला नाही.

मुरुडात शिरताना एका वाडीत पोरं छोटी होळी पेटवायच्या तयारीत होती. फाकपंचमी. इथून पुनवेपर्यंत कोकणात शिमगाच.

षष्ठी: राजापुरी, आगरदांडा, दिघी, हरिहरेश्वर

जंजिरा पाहिलाच पाहिजे म्हणून पाहिला. राजापुरीहून शिडाची होडी निघते, जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा सापडत नाही, ही मजा खरी. आत मात्र होडीवाल्यांनी दिलेल्या वेळेत सगळं पळत पाहावं लागतं. कलालबांगडी तोफेवर माणसं फोटोसाठी रांगेत. तटावरून समोर पद्मदुर्ग दिसतो. सिद्दीला वेसण घालायला शिवाजी महाराजांनी तो बांधला, पुढे संभाजीराजांनी खाडीत भराव घालून जंजिऱ्यापर्यंत वाट करायचा घाट घातला, तरी जंजिरा मराठ्यांना मिळाला नाही. ते वैर समजून घ्यायचं तर या दोन किल्ल्यांमधलं पाणी बघावं, ते फारसं नाहीच.

आगरदांड्याहून दिघीला गाडी बोटीत चढवताना पहिली परीक्षा झाली. उतारावरचं शेवाळ, वरून लोखंडी फळी, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय. लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात. नवरा गाडी चालवत होता, मी मागून उतरले आणि चालत गेले. त्याने ते मनावर घेतलं.

दिवेआगर, श्रीवर्धन. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव आणि रोठा सुपारीचं. सुपारीच्या आगरांतून रस्ता जातो तेव्हा मार्चमधली दुपार असूनही जर्किनची चेन लावावी लागली. हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा प्रदक्षिणेची वाट बंद होती आणि ते बरोबरच होतं. पाणी चढलेलं होतं.

सप्तमी: हरिहरेश्वर, बागमांडला, वेळास

तिथीप्रमाणे ओहोटी सव्वाअकराला, ॲपप्रमाणे पावणेबाराला. आम्ही साडेदहाला पायऱ्या उतरलो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळाला फेरी नाही, डोंगराला फेरी. डोंगराच्या चिरेतून पायऱ्या खाली जातात आणि एकदम समुद्रापाशी खडकाच्या सपाट फळीवर आपण उभे राहतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लाटा. कड्याचा दगड वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने असा पोखरलाय की काही ठिकाणी नुसती जाळी उरली आहे. पायाखाली रांजणखळगे, त्यात अडकलेलं पाणी, त्यात बोटाएवढे मासे. चपला काढून चालावंसं वाटतं पण कालवांच्या शिंपा तळव्याला कापतात, तेव्हा बूट बरे.

इथे माणसं वाहून गेली आहेत. पाट्या आहेत, दोर आहेत, तरी एक कुटुंब पाट्यांच्या पलीकडे लाटेकडे पाठ करून फोटो काढत होतं. समुद्राकडे पाठ करायची नाही, हे कोकणातल्या घरात पोराला चालायला लागताच सांगतात. मी त्यांना हाक मारून मागे बोलावलं. बाईंना राग आला, काकांना नाही आला.

पाऊण तासात फेरी पूर्ण. नवऱ्याने मान्य केलं की आत्तापर्यंतची सर्वांत चांगली जागा हीच, आणि त्याला तिकीट नव्हतं.

बागमांडल्याहून वेशवीला बोट. सावित्रीचं मुख इथे चांगलंच रुंद आहे, पलीकडे बाणकोटचा किल्ला. वेळासला मुक्काम गावातल्याच एका घरी. ओसरीवर गाद्या, न्हाणीघर मागच्या अंगणात, आणि ताटात ओल्या काजूगरांची उसळ. ही उसळ खायला या दिवसांत कोकणात यावं. एकेक बी फोडून गर काढताना चिकाने बोटं सोलवटतात, म्हणून शहरात तिचा भाव तसा असतो. काकूंनी विचारलं, "अजून वाढू?" नवऱ्याने नको म्हणायच्या आत वाढली.

संध्याकाळी किनाऱ्यावर कासवांची अंडी जपलेल्या कुंपणातल्या टोपल्या उचलून दाखवल्या. एकाही घरट्यातून पिल्लू बाहेर आलेलं नव्हतं. मुंबईहून आलेली काही मंडळी चिडली. गावातला मुलगा शांतपणे म्हणाला, "कासवांना फोन नाही ना करता येत."

अष्टमी: वेळास, केळशी, हर्णै, दाभोळ, गुहागर

पहाटे टोपली उचलली आणि वाळूच हलली.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी दीडेक फूट खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं खायची, राहिलेली कोल्हे-कुत्रे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला संरक्षण सुरू केलं: रात्री किनाऱ्यावर गस्त, सापडलेली अंडी काढून कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, थंड राहिली तर नर. हे ऐकल्यावर नवऱ्याने हात लावून वाळू बघितली. इंजिनिअर माणूस.

पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. भिजलेल्या वाळूच्या अलीकडे ठेवतात आणि ती आपल्या पायांनी जातात. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. तळहाताहून लहान, काळपट, चार-सहा इंच जायचं, थांबायचं, पुन्हा. पहिली लाट बहुतेकांना परत मागे आणून टाकते. एक पिल्लू तीनदा उलटं झालं. त्याला हात लावू नका म्हणून त्या मुलाने सगळ्यांना बजावलं होतं, आणि खरंच कुणी लावला नाही. गर्दी एकत्र गप्प राहिलेली मी फार दिवसांनी पाहिली. चौथ्या लाटेत ते गेलं.

माझं मत: वेळासला जायचं तर एक रात्र नव्हे, दोन ठेवाव्यात. एकाच संध्याकाळी येऊन पिल्लं दिसली नाहीत म्हणून गावाला शिव्या देणाऱ्यांनी प्राणिसंग्रहालयात जावं.

केळशी, आंजर्ले झपाट्याने. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली सुवर्णदुर्ग समुद्रात दिसतो आणि तिथूनच नकाशा समजतो: एक किल्ला पाण्यात, त्याला राखायला किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात सुवर्णदुर्ग आहे. हर्णैच्या बंदरात होडीवाल्याकडे चौकशी केली तर त्याने वारा बघितला, आमच्याकडे बघितलं आणि "उद्या" म्हणाला. उद्या आमच्याकडे नव्हता.

त्याऐवजी लिलाव पाहिला. दुपार कलताना मचवे बंदराबाहेर थांबतात, मासळी बैलगाड्यांतून आणि छोट्या होड्यांतून वाळूवर येते आणि कोळणी ढीग मांडतात. बोली इतकी भरभर लागते की मी मराठी असून मला आकडे पकडता येईनात. नवऱ्याने नुसतं कुतूहलाने डोकं हलवलं आणि मोरी माशाचा वाटा त्याच्या नावावर लागायची वेळ आली. कोळीण मावशींनी त्याच्याकडे आपादमस्तक बघून हसत तो दुसरीकडे वळवला.

दाभोळहून धोपाव्याला अंधारात बोट. गुहागरला पोचेपर्यंत इंधनाचा काटा तळाला. या पट्ट्यात पंप दिसला की टाकी भरून घ्यावी, अर्धी आहे म्हणून पुढे जाऊ नये.

नवमी: हेदवी, तवसाळ, जयगड, रत्नागिरी

बामणघळीसाठी पहाटे पाचला उठलो. हेदवीच्या किनाऱ्यावर खडकात एक अरुंद, लांब चीर आहे. भरतीला लाट तिच्यात घुसते, कोंडते आणि पुढच्या टोकाला उसळून उंच उडते. नवमी, पाऊणपट पावणेसात, ॲप सव्वासात. वेळेवर खडकावर उभे. लाट आली, चिरेत शिरली, आतून घुमली आणि गुडघ्याएवढा फवारा काढून परत गेली. पुन्हा तसंच. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी पाचले उठवलं?"

खडकावर गळ टाकून बसलेले एक आजोबा म्हणाले, "भांग आहे आज. पुनवेला या, इथं उभं राहायला नाय जमायचं." कारण सरळ आहे. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात ओढतात, भरती चढतही नाही आणि ओहोटी उतरतही नाही. हे मला माहीत होतं, पण रस्त्यात हेदवी नवमीलाच येत होतं. दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं आणि पोहे खाल्ले.

तवसाळच्या अलीकडे रस्त्यावर माडाची झावळी आडवी आणि पाठीमागे संकासूर: काळा पायघोळ वेश, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. त्याच्या भोवती आठ-दहा पोरं. "पोस्त द्या!" शिमग्याचं पोस्त म्हणजे वर्गणीही आणि खंडणीही. नवऱ्याने वीस रुपये काढले. संकासुराने नाचून दाखवायला नकार दिला. पन्नास केले तेव्हा तो मोटरसायकलभोवती दोन फेऱ्या नाचला, आणि मुखवट्यामागून विचारलं, "दादा, ही गाडी किती ॲव्हरेज देते?"

शास्त्री नदीची खाडी बोटीने ओलांडून जयगड, मालगुंड, मग गणपतीपुळ्याच्या पुढे आरे-वारे. या तेवढ्या तुकड्यावर गाडी मी चालवली याचं मला समाधान आहे. रत्नागिरीत थिबा पॅलेस बाहेरून पाहिला. ब्रह्मदेशाचा राजा १८८५ साली कैद होऊन पुढच्या वर्षी इकडे आला, हा वाडा त्याच्यासाठी १९१० साली पुरा झाला आणि सहा वर्षांनी तो वारला. हॉटेलची खोली कुबट होती. झोपलो.

दशमी: भाट्ये, कशेळी, देवाचे गोठणे

या दिवशी समुद्र सोडून आम्ही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढलो, आणि पूर्ण प्रवासातला हा दिवस मला सर्वांत जास्त आठवतो.

कोकण म्हणजे नारळ-पोफळी असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्चमध्ये सड्यावर यावं. मैलोगणती काळा-तांबडा जांभा, करपलेलं गवत, सावली नाही. पावसाळ्यात हाच कातळ फुलांनी भरतो. आता हेल्मेटमध्ये डोकं शिजत होतं. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडचा पूल, आडिवरे करत कशेळीला पोचलो आणि गडग्याच्या कडेने चालत निघालो.

कातळशिल्प जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आपण एका मोकळ्या कातळावर उभे असतो, आणि मग लक्षात येतं की पायापाशी आहे ती सोंड. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब. त्याच्या अंगात आणखी मासे, पक्षी, प्राणी कोरलेले. पहिल्यांदा पाय दिसतात, मग पाठीची रेघ धरून चालत जावं लागतं. आम्ही दोघं दोन टोकांना उभे राहून ओरडून एकमेकांना सांगत होतो: "इथं शेपूट!" "इथं काहीतरी मासा आहे, नाही, दोन आहेत!" उभ्याने ते पूर्ण दिसतच नाही. मग ते कोरणाऱ्याने कसं आखलं असेल? नवऱ्याने दोरी आणि खुंटीची एक पद्धत काढून दाखवली, जी मला पटली नाही, पण त्याला उन्हात अर्धा तास आनंद झाला.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अशी शिल्पं शेकड्यांनी सापडली आहेत. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती; नोंदणी मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत रत्नागिरीच्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायपीट करून केली. त्यांतली काही ठिकाणं, कशेळी आणि बारसूसह, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण शेतीच्या आधीची शिकारी माणसं, इथपर्यंत बरेच जण येतात. यांतल्या काही शिल्पांत गेंडाही आहे. आज कोकणात गेंडा कुठला?

दुपारी आत्याकडे जेवण. आत्याला विचारलं, तुम्हाला कशी गं नाही दिसली कधी? "दिसायची की. त्याच्यावर आम्ही भात झोडलाय," ती म्हणाली. आणि ताक वाढत, "चित्रं बघायला उन्हातून येतात माणसं, घरी यायला सवड नसते." यावर उत्तर नव्हतं. ताक प्यायलो.

नंतर वाकडी वाट करून देवाचे गोठणे. इथल्या सड्यावर माणसाची आकृती आहे आणि तिच्याजवळ होकायंत्र चुकतं. मी मोबाइलवरचं ठेवलं, सुई भरकटली. दोन हात बाजूला नेलं, वेगळीच दिशा. नवरा ज्या मोबाइलच्या भरवशावर माझी तिथी उडवून लावत होता, त्या मोबाइलला इथे उत्तर सापडेना. मी काही बोलले नाही. जांभ्यातल्या लोहाशी आणि त्यातल्या चुंबकत्वाशी याचा संबंध लावतात. पण बाकीच्या सड्यावर सुई बिनचूक असताना ज्याने कोरलं त्याने नेमकी हीच जागा कशी निवडली, हा प्रश्न आम्ही आत्याच्या अंगणात झोपेपर्यंत चघळला.

एकादशी: विजयदुर्ग, देवगड, मालवण

एकादशी म्हणून आत्याने वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली. अमरावतीकराने दोन ताटं संपवली आणि वर उपास केल्याचं पुण्यही घेतलं.

विजयदुर्गाचा तिपेडी तट सगळेच बघतात. आम्ही गिर्ये गावाकडे वाघोटणच्या खाडीत मराठा आरमाराची गोदी शोधली. कातळ तासून केलेली मोठी खाच, एक बाजू पाण्याकडे उघडी. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरड्यावर उभं राहिलेलं, मग डागडुजी. आंग्र्यांची जहाजं ज्यांना पश्चिम किनाऱ्यावर भारी पडायची त्या इंग्रजांनी १७५६ साली पेशव्यांशी हातमिळवणी करून विजयदुर्ग घेतला आणि बंदरातलं आरमार जळालं. स्वतःचंच आरमार बुडवायला मदत केली, हे पेशवाईचं खातं मला अजून पचत नाही. गोदीत आता तिवरं वाढली आहेत आणि वाटेवर पाटी नाही.

देवगडला हापूसच्या बागांत झेले घेऊन माणसं झाडावर. पहिल्या तोडीचा भाव ऐकून आम्ही वास घेतला आणि पुढे निघालो. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. आचऱ्याचं सगळं गाव ठरावीक वर्षांनी गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस-तीन रात्री राहतं, ती गावपळण बघायची इच्छा जुनी आहे. अंधार पडता पडता मालवण. बांगड्याचं तिकलं. "तिखट नाही," असं वऱ्हाडी तोऱ्यात म्हणून त्याने तिरफळ चावलं, आणि पुढची दहा मिनिटं त्याला जीभ असल्याचा पत्ता नव्हता.

द्वादशी: मालवण

ज्याला पोहता येत नाही त्याला समुद्राच्या तळाशी नेतात, हे नवऱ्याला पटत नव्हतं. आधी अर्ज: दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया. मग उथळ पाण्यात सराव. शिकवणारा देवबागचा, पंचविशीचा. "नाकान नाय, तोंडान श्वास घेवचो. कान दुकले तर नाक दाबून फुकायचा. घाई करू नकात." हातांच्या खुणा: अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर ने.

सिंधुदुर्गाच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मी आधी उतरले. वीसेक फुटांवर खडक, त्यावर प्रवाळाचे गोळे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे अगदी काचेवर येतात. स्वतःच्या श्वासाचा आवाज एवढा मोठा की बाकी काही ऐकू येत नाही. पहिली दोन मिनिटं मी फक्त श्वास मोजले, मग एक पोपटमासा खडक कुरतडताना दिसला आणि मोजणं विसरले.

नवरा उतरला. मिनिटभरात वर आला. पुन्हा उतरला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा तो पाण्याबाहेर आल्यावर मुलाने विचारलं, "काय होता काय? तुमी सारखे वर चला सांगतास!" नवरा खाली मासे पाहून इतका खूश झाला होता की दर वेळी अंगठा वर करून दाद देत होता. मग मुलाने त्याचा अंगठा मुठीत दाबूनच धरला आणि खाली नेला. बाहेर आल्यावर त्याने मला तळाशी काय काय पाहिलं ते जेवण होईपर्यंत सांगितलं, मी पाहिलेलं सांगायला वाव मिळाला नाही.

एक गोष्ट खटकली. फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून काही ठिकाणी पाण्यात पाव टाकतात. थवा येतो, फोटो चांगला येतो, आणि शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारा मासा पावाच्या मागे लागतो. आमच्या मुलाला आम्ही पाव नको म्हटलं, त्याने आनंदाने ठेवून दिला. बाकीच्यांनीही सांगून बघावं.

त्रयोदशी: देवबाग

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांच्या ओळीएवढी वाळू. उधाणाला समुद्र अंगणात येतो म्हणून दगडांचे बंधारे घातलेत. आमच्या घरमालक काकांनी दोघांची एक कयाक दिली आणि सांगितलं, "सातांक नदीत शिरा. भरतीचा पाणी तुमका वर नेतला. ओहोटी लागली काय परत फिरा, पाणीच हाडतला. पण संगमाच्या आदी काठाक लागा. थयसून भायर गेलास तर मग लाटो."

दोघांच्या कयाकमध्ये मागचा दिशा देतो आणि पुढचा ताल. मागे तो, पुढे मी. पहिला अर्धा तास आम्ही नदीत गोल फिरलो. लग्नाची सगळी जुनी भांडणं तेवढ्यात उजळणीला आली. मग तालाचा आकडा मी मोठ्याने म्हणायला लागले आणि नाव सरळ झाली. कांदळवनाच्या कडेने वर गेलो: मुळ्यांवर खेकडे, फांदीवर खंड्या, वर ब्राह्मणी घार. भरती खरंच नेत होती, वल्ही नुसती पाण्याला लावायची.

आमच्या वहीतला वाद इथे निकालात निघाला. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. ॲप म्हणत होतं नऊ वाजून दहा. आम्ही मधोमध थांबून पाण्यावरचं एक पिवळं पान धरून बसलो. ते वर चाललं होतं, हळू झालं, थांबलं आणि नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला उलटं निघालं. मांडव्याला तिथी ॲपच्या आधी, इथे ॲप तिथीच्या आधी. भरती आपल्या किनाऱ्याला दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत येते, म्हणून ती मालवणला लवकर आणि मुंबईकडे उशिरा, आणि जितकं उत्तरेला जावं तितकी उंचीही जास्त. काकांना नंतर सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "पाऊणपट करूची नि हयसर अर्धो तास काढूचो. वरच्यांका घालूचो लागता."

परतताना ओहोटीने जोर धरला. संगमाची पांढरी रेघ दिसायला लागली तेव्हा काठ उजव्या हाताला बराच लांब होता. मी आकडे म्हणायचे थांबवून ओरडायला लागले. नवऱ्याने, ज्याला पोहता येत नाही त्या नवऱ्याने, न बोलता वल्हं मागे रुतवून नाव तिरकी घातली आणि प्रवाहाला आडवं न जाता त्याच्या कलाने काठाकडे सरकवत नेली. माडाच्या एका वाकलेल्या बुंध्याला माझा हात लागला. काकांच्या घरापासून आम्ही चांगले दोन फर्लांग खाली होतो. कयाक डोक्यावर घेऊन वाळूतून परत.

दुपारी सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर १६६४ साली पायाभरणी, तीन वर्षांत किल्ला उभा, पायाच्या दगडांत ओतलेलं शिसं. समुद्राच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं देऊळ. ऐन ओहोटीला होडी धक्क्याला लागेना, तेव्हा बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून चढलो. होडीत नवरा शेजारच्या मंडळींना पाऊणपट समजावत होता, अर्धा तास वजा करून.

चतुर्दशीला पहाटे कसालला महामार्ग धरला. फोंडाघाट चढून वर गेलो, कोल्हापुरात जेवलो आणि रात्री ठाण्यात.